सहा गळे, दहा मिनिटं: समूहगानाचा संघ राष्ट्रीय युवा महोत्सवाला नेताना

समूहगान म्हटलं की डोळ्यांसमोर चाळीस-पन्नास जणांचा ताफा येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात तसा असतोही. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात मात्र समूह म्हणजे सहा जण. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एआययूच्या, नियमांत भारतीय समूहगानाला जास्तीत जास्त ६ गायक, ३ साथीदार आणि १० मिनिटं मिळतात. मंचावर मांडामांड करायला वेगळी ४ मिनिटं. गाणी दोन, एक देशभक्तीचं आणि एक लोकगीत. चित्रपटगीत चालत नाही. परीक्षण गाण्याच्या दर्जावर होतं. रंगभूषा, कपडे, हावभाव यांना गुण नाहीत.

हे आकडे पाठ असतात सगळ्यांना, पण तालमीत ते कुणाच्या डोक्यात नसतात. पन्नास जणांत दोघांचा सूर हलला तरी खपून जातं. सहांत एकानं चुकीच्या जागी श्वास घेतला तर गाण्याचा सहावा हिस्सा तेवढ्यापुरता गायब होतो, आणि परीक्षक तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. म्हणून मोठ्या वृंदगानाची तयारी जशीच्या तशी इथे लागू पडत नाही.

आधी वाट सांगतो. महाविद्यालयाचा संघ आपल्या विद्यापीठाच्या युवा महोत्सवात उतरतो. तिथून विद्यापीठाचा संघ ठरतो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ महोत्सवात महाराष्ट्र, गुजरात, गोव्यातल्या विद्यापीठांसमोर गातो, आणि विभागात वरचे क्रमांक मिळवणारे राष्ट्रीय महोत्सवाला जातात. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराचा ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यातल्या विद्यापीठांचा वेगळा महोत्सव. त्यातलं बक्षीस राष्ट्रीय फेरीचं तिकीट नाही. दोन्हींची तालीम एकत्र चालते म्हणून मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. नियमही जागोजागी थोडे बदलतात: कुठे घंटा किती मिनिटांना, कुठे साथीदार विद्यार्थीच हवेत, कुठे बाहेरचे चालतात. त्या वर्षीचं परिपत्रक छापून तालमीच्या खोलीत चिकटवा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर संघ बांधू नका.

निवड

चाचणीला पंचवीस मुलं आली तर त्यातले सर्वांत चांगले सहा एकल गायक निवडावेत, असं वाटतं. तिथेच पहिली चूक होते. सुगम गायनातला पहिल्या नंबरचा गळा प्रत्येक ओळीत स्वतःची मुरकी, म्हणजे सुरांची छोटी झटपट नक्षी, घेतो, आणि दुसरा त्याच जागी वेगळी घेतो. दोघंही सुरेल, पण एकत्र ऐकलं की सूर धुरकट होतो. चाचणीत गाणं कमी ऐका, तीन गोष्टी जास्त पाहा. एक, सा लावून १२ सेकंद न हलवता धरता येतो का. दोन, शेजारी दुसरा गंधार (ग) किंवा पंचम (प) लावत असताना आपला सा सुटतो का. चांगले चांगले इथे घसरतात. तीन, ऐकलेली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तशीच्या तशी, ना कमी ना जास्त, परत करता येते का. जो तिन्ही करतो त्याचा आवाज साधा असला तरी घ्या.

आणखी एक व्यवहाराची बाब. विद्यापीठाच्या पथकात माणसं मोजकी असतात, त्यामुळे तोच मुलगा शास्त्रीय गायनात, लोकवाद्यवृंदात आणि समूहगानात असतो. वेळापत्रक लागलं की सकाळी दहाला एका मंचावर ख्याल आणि साडेदहाला दुसऱ्या मंचावर समूहगान. सहापैकी निदान चार जण दुसऱ्या कशात नसलेले हवेत, आणि सातवा गायक सगळी गाणी, सगळ्या जागा पाठ करून तयार हवा.

गाणी

देशभक्तिपर गीत हिंदी, संस्कृत किंवा मराठी, काहीही घ्या. पण दर वर्षी प्रत्येक मंचावर वाजणारी तीच चार-पाच गाणी टाळा. परीक्षकानं सकाळपासून ते गाणं तिनदा ऐकलेलं असतं आणि तो नकळत तुलना करतो. नवी चाल बांधून घ्यायची असेल तर बांधणारा तुमच्या सहा गळ्यांना ऐकलेला असावा.

लोकगीताचा घोळ मोठा आहे. कॅसेटच्या जमान्यात गाजलेली बरीच ‘लोकगीतं’ प्रत्यक्षात कुणा कवीनं लिहिलेली आणि संगीतकारानं चाल लावलेली आहेत, काही पुढे चित्रपटातही गेली. अशा गाण्यावर दुसऱ्या संघानं आक्षेप घेतला तर तुमच्याकडे उत्तर नसतं. गोंधळ, पोवाडा, भारूड, धनगरी ओवी, वासुदेवाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, आदिवासी पट्ट्यातली सणांची गाणी: साठा अफाट आहे. गाणं कुठल्या भागातलं, कुठल्या समाजाचं, कुठल्या प्रसंगाचं, हे चार ओळींत लिहून शब्दांच्या तीन प्रतींसोबत हिंदी अर्थ जोडा. मागोत न मागोत, द्या. परीक्षक बंगाली किंवा मल्याळी असू शकतो.

गोंधळ आणि पोवाडा निवडताना एक अडचण लक्षात घ्या. तिथे मुळात एक म्होरक्या गातो आणि बाकीचे झील धरतात, म्हणजे मागून ध्रुवपद उचलतात. तसंच्या तसं बसवलं तर समोरच्याला एकल गायन आणि मागे कोरस असं ऐकू येतं, आणि पाच जणांचं काम काय, असा प्रश्न पडतो. मुख्य ओळी दोघा-दोघांत फिरवा. पहिला चौक (कडवं) दोन मुलांकडे, दुसरा दोन मुलींकडे, झील कायम बाकी चौघांकडे. बाज टिकतो आणि सहाही गळे कामाला लागतात.

पट्टी

पट्टी म्हणजे पेटीवरची कितवी काळी किंवा पांढरी पट्टी ‘सा’ धरायची, ते. मुलं-मुलींच्या मिश्र संघाचं निम्मं नशीब इथे ठरतं. मुलींना काळी चार-काळी पाच सोयीची, मुलांना काळी एक-काळी दोन. काळी एक घेतली आणि चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत असेल, तर खाली मुलींचा आवाज माइकपर्यंत पोचत नाही आणि वर मुलांच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागतात. काळी चार घेतली तर मुलांना तार षड्जच (वरचा सा) आवाक्याबाहेर. म्हणून पट्टी आधी ठरवून गाणं बसवू नका. चालीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कागदावर लिहा, मग पट्टी काढा. मिश्र संघ बहुतेक पांढरी एक ते काळी दोन यांच्या मध्ये स्थिरावतात. खालच्या ओळी मुलांनी जड ठेवायच्या, अंतऱ्याची उठावण मुलींनी घ्यायची.

दुसरं गाणं त्याच पट्टीत असावंच असं नाही. लोकगीत चढं खुलतं. पहिलं गाणं काळी एकमध्ये असेल तर दुसऱ्याला काळी तीन घ्या: पहिल्याचा मध्यम हा दुसऱ्याचा षड्ज. काळी एकला लावलेला तबला तिथे पंचमात बोलतो, म्हणजे मंचावर हातोडी काढावी लागत नाही. शिवाय काळी तीनला मुलं-मुली एकाच सप्तकात, मोकळ्या छातीच्या आवाजात गाऊ शकतात, आणि तो एकगठ्ठा आवाज लोकगीताला फार शोभतो. भलत्याच पट्ट्यांवर उड्या मारायचे प्रयोग केले की तबल्याची दुसरी जोडी न्यावी लागते.

स्वरमेळ

भारतीय चालीला अनेक आवाजांचा मेळ देण्याचे प्रयोग आपल्याकडे जुने आहेत. रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८ मध्ये कलकत्ता यूथ कॉयर उभा केला, मुंबईत सलील चौधरींचा बॉम्बे यूथ कॉयर होता, मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी तेच काम केलं. गोव्यातला मांडो हा गीतप्रकार तर दोन आवाजांत, तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतरानं, घराघरांत गायला गेला आहे. तरीही स्पर्धेत स्वरमेळाच्या नावाखाली जे ऐकू येतं ते बऱ्याचदा ‘मूळ चालीच्या वर तिसरा स्वर’ एवढंच असतं, आणि रागातल्या चालीत ते फसतं.

भूप रागातली ओळ घ्या. सा रे ग प ध, मध्यम-निषाद नाहीत. रागातला एक स्वर सोडून पुढचा लावत गेलं तर सावर ग येतो, पण रेवर प, गवर ध, पवर सां, धवर रें. यातली सा-ग ही एकच जोडी गोड तिसऱ्याची. बाकी चारही जोड्या मध्यमाच्या अंतराच्या, ऐकायला पोकळ. ती पोकळी भरायला कीबोर्डवाला रेवर म ठेवतो आणि भूप तिथेच मोडतो. मग करायचं काय? पोकळ जोड्यांवर रेंगाळायचं नाही. दुसरा आवाज सा किंवा प धरून उभा राहील, चाल वरून जाईल, आणि मुखड्याचा (ध्रुवपदाचा) शेवट जिथे ग किंवा सावर येतो तिथेच दोन आवाज उघडतील. अख्ख्या गाण्यात चार-पाच ठिकाणी नेमका मेळ लागला की पुरे. सहा जणांत तीन वेगळे आवाज म्हणजे प्रत्येक आवाजाला दोन माणसं. चौथा काढलात तर कुणीतरी एकटा पडतो आणि घाबरल्यावर शेजाऱ्याच्या स्वरावर जाऊन बसतो.

तालीम तानपुऱ्यावर करा, हार्मोनियमवर नको. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर तानपुऱ्याशी जुळणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा हार्मोनियमचा गंधार सुमारे १४ भागांनी चढा असतो. एकट्या गायकाला हे जाणवत नाही. दोघांनी सा आणि दोघांनी ग धरला की खरा गंधार लागताच आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. पेटीच्या गंधारावर ते होत नाही. पेटी शेवटच्या दोन आठवड्यांत आणा आणि लांबवलेल्या मेळाच्या जागी तिला गप्प बसवा.

सूर उतरतो का, हे तपासायची सोपी रीत: गाणं सुरू झालं की तानपुरा बंद करा, शेवटच्या मुखड्याला पुन्हा लावा. उतरलं असेल तर लगेच कळतं. कोण उतरवतंय ते शोधायला प्रत्येकाच्या खिशात त्याचा फोन ध्वनिमुद्रणावर ठेवा. सहा ध्वनिमुद्रणं वेगवेगळी ऐका. चोर दहा मिनिटांत सापडतो. बहुतेकदा तो अवरोहात (सूर खाली उतरताना), थकलेल्या श्वासावर सापडतो. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शब्दांच्या कागदावर १ ते ६ आकडे टाका: या अक्षरानंतर दोन नंबर, त्या अक्षरानंतर पाच नंबर. शब्दाच्या मध्ये श्वास चालतो, फक्त शेजारी गात असला पाहिजे.

मिनिटांचा हिशेब

१० मिनिटं म्हणजे ९ मिनिटं १५ सेकंद असं धरा. देशभक्तिगीत ४:१५, मधे वाद्यं बदलायला १५ सेकंद, लोकगीत ४:४५. उरलेली ४५ सेकंद राखीव. त्यांना हात लावायचा नाही.

केहरव्याची लय मिनिटाला १०० मात्रा असेल तर आठ मात्रांचं आवर्तन ४.८ सेकंदांचं. म्हणजे ४:१५ मध्ये ५३ आवर्तनं बसतात. ती आधीच वाटून टाका: सुरुवात ४, मुखडा ८, वाद्यसंगीत ३, अंतरा १०, मुखडा ४, वाद्यसंगीत ३, दुसरा अंतरा १०, मुखडा ४, तिहाईसह (तीनदा म्हटलेल्या तुकड्यासह) शेवट ७. तिसरा अंतरा कितीही सुंदर असला तरी त्याला जागा नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं आणि रडारड वाचते. मंचावर लय चढते हे गृहीतच धरा. तीच ५३ आवर्तनं ११० च्या लयीत २३१ सेकंदांत संपतात. २४ सेकंद वाचली म्हणून खूश होऊ नका. तेवढ्या लयीत शब्द चावले जातात. तबलजीनं सुरुवातीची चार आवर्तनं मनातल्या लयीपेक्षा किंचित सैल वाजवायची, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

उच्चार

मराठी मुलांनी हिंदी किंवा संस्कृत गाताना जाणारे गुण इथेच जातात. ‘ज्ञान’ आपण द्न्यान म्हणतो, हिंदीत ग्यान. ‘ऋ’ आपल्याकडे रु, तिकडे रि. ‘है’, ‘और’ यांतले स्वर आपण अइ-अउ करून फाकवतो. हिंदीत ते सलग आहेत. च आणि ज आपल्याकडे दोन तऱ्हांचे. हिंदीतल्या ‘जन’ला आपल्या ‘जीव’मधला ज लावायचा, ‘जवळ’मधला नाही. संस्कृत गीतात तर ज्ञ, ऋ, ष कसे म्हणायचे ते ठरवून सगळ्यांनी तसंच म्हणायचं. एकानं केलेला उच्चार चुकीचा असला तरी चालून जाईल. सहा जणांत दोन ‘ज्ञ’ ऐकू आले की ते लपत नाही. शब्दाच्या शेवटचा त, क, स कुठल्या मात्रेवर तोडायचा तेही ठरवा. सहा जणांचा ‘स’ मागेपुढे संपला तर कुकरची शिट्टी वाजल्यासारखं होतं.

वाद्यं

साथीदार तीनच, म्हणून एकेका माणसाला दोन-दोन वाद्यं येतात. नेहमीची वाटणी: एक पेटीवर, एक तबला आणि संबळ किंवा ढोलकी, तिसरा झांज, टाळ, दिमडी, तुणतुणं असं जे लागेल ते. गायकानं हातात चिपळ्या घेतल्या तर तो साथीदार धरला जातो का, हे आयोजकांना आधीच विचारून घ्या. मंचावर पोचल्यावर विचारलं तर उत्तर समोरच्याच्या मनाप्रमाणे येतं.

तबल्यावरून संबळावर जायला दहा-पंधरा सेकंद लागतात. ती शांततेत घालवू नका; एका मुलीचा खडा आवाज, तुणतुण्याची तार, एवढ्यावर ती भरतात आणि लोकगीताचं वातावरणही तयार होतं. विभागीय आणि राष्ट्रीय फेऱ्या बहुधा हिवाळ्याच्या आसपास येतात. कोरड्या हवेत चामडं ताणतं, दमट हवेत उतरतं, प्रखर दिव्यांखाली पुन्हा चढतं. प्रवासाहून आल्याबरोबर वाद्यं उघडून त्या गावच्या हवेत रात्रभर ठेवा. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा मसाला फुटला तर गावात दुरुस्ती करणारा मिळेलच असं नाही; दुसरी ढोलकी सोबत ठेवा. पेटी स्वतःची न्या, आणि तानपुऱ्याच्या ॲपशी ती जुळते का ते घरूनच पाहा. जुन्या पेट्या हमखास इकडेतिकडे असतात, आणि मग ॲप तिच्या सुराला आणावं लागतं.

मंचावरची चार मिनिटं

चार मिनिटांत तबला लावता येत नाही. तो विंगेत लावून, झाकून आत न्यायचा. कोण काय उचलणार ते ठरलेलं हवं आणि तालमीत घड्याळ लावून निदान दहा वेळा झालेलं हवं: पडदा, चटई, पेटी, तबला, संबळ, फोन. फोन विमान मोडवर, ॲप चालू, केबल खिशात.

गायकांना माइक सहा मिळतील असं समजू नका. तीन किंवा चार मिळतात. दोघांत एक माइक, तोंडापासून वीतभर ते दीड वीत, दोन्ही डोकी सारख्या अंतरावर. एकाच स्वराचे दोघं एका माइकवर ठेवा. वेगळ्या स्वराचे ठेवले तर ध्वनिव्यवस्थेवाला त्यांचा समतोल करू शकत नाही. रांग सरळ नको, किंचित कमानीत, म्हणजे टोकाचे दोघं एकमेकांना पाहू शकतात. समोर हात हलवणारा कुणी नसतो. सुरुवात एका गायकाच्या श्वासानं होते आणि तो सगळ्यांना, तबलजीलासुद्धा, दिसला पाहिजे.

ध्वनीची चाचणी अशी: पहिलं मिनिट मांडणी. दुसऱ्यात तबला-संबळाचे दोन-दोन ठोके आणि पेटीचा एक स्वर. तिसऱ्यात प्रत्येक जोडीची एकच ओळ, तीही गाण्यातली सर्वांत मोठ्यानं येणारी. हळू ओळीवर माइक लावून घेतला तर तार सप्तकात तो फाटतो. मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, फक्त तानपुरा आणि थोडी पेटी मागा. स्वतःचे आवाज मागितले की सगळे हळू गायला लागतात. चौथं मिनिट गप्प. तानपुरा चालू, सहाही जणांनी तोंड मिटून सा घ्यायचा. ‘आम्ही तयार’ हे वेळ धरणाऱ्याकडे बघून सांगायचं, कारण काही ठिकाणी घड्याळ पहिल्या स्वरावर सुरू होतं आणि काही ठिकाणी निवेदकानं नाव घेताच.

कपड्यांबद्दल एवढंच: गुण नसताना दोन तालमींचा वेळ फेट्यांच्या रंगात जातो. घट्ट फेटा कानावर आला की स्वतःचाच आवाज मोठा ऐकू येतो, शेजाऱ्याचा बुजतो. बांधायचाच असेल तर कान मोकळे ठेवून बांधा, आणि शेवटच्या चार तालमी तो बांधूनच करा.

कागदपत्रांत वय २५ च्या आत असल्याचा पुरावा, बोनाफाइड, ओळखपत्र आणि कुलसचिवांच्या सहीचा प्रवेशअर्ज, प्रत्येकी दोन प्रती. वय कुठल्या तारखेला मोजतात ते परिपत्रकात असतं; सातव्या गायकाचंही वय बघा. नाव अर्जात नसलं तर ऐनवेळी त्याला मंचावर उभं करता येत नाही.